कुंडीतून निघालेला पूल

धामणकर नाक्यावर उड्डाणपुलाखाली रिक्षाची वाट बघत उभे असाल, तर एकदा मान वर करून बघा. भिवंडीत सुताची बाचकी, कापडाचे तागे आणि गोदामांचा माल चोवीस तास रस्त्यावर असतो. तो सगळा भार घेऊन टेम्पो आणि ट्रक पुलाच्या ज्या स्लॅबवरून जातात, त्याला इंजिनीअर लोक डेक म्हणतात. पुलाच्या सगळ्या भागांत लवकर म्हातारा होतो तो हा डेकच. चाकं थेट त्याच्यावर आपटतात, पावसाचं पाणी त्याच्यावर साचतं, दुपारी तो तापतो आणि रात्री गार होतो. आणि त्याच्या पोटात असतं लोखंड.

हे लोखंड काँक्रीटच्या पोटात घालायची युक्ती जगभर पोहोचली ती एका माळ्याच्या नावाने. तो शाळेत गेला नव्हता. पूल बांधायचं तर त्याच्या डोक्यातही नव्हतं. त्याला फक्त न फुटणारी कुंडी हवी होती. त्याचं नाव जोसेफ मोनिए. सिव्हिलच्या पुस्तकात पहिल्या धड्यात कुठेतरी एका ओळीत तो येतो आणि परीक्षेला विचारत नाहीत म्हणून आपण पान उलटतो.

मोनिएचा जन्म ८ नोव्हेंबर १८२३चा, दक्षिण फ्रान्समधल्या सँ-काँतँ-ला-पोत्री नावाच्या गावातला. नावातला ‘पोत्री’ म्हणजे कुंभारकाम. गाव कुंभारांचं, पण याचं घर माळ्यांचं. जवळच्या उझेसच्या ड्यूकची शेतीबाग बघायची, हा घरचा धंदा. भावंडं भरपूर आणि कामाला हात कमी, त्यामुळे पोरांना शाळेत घालायची चैन परवडणारी नव्हती. जोसेफ लहानपणापासून मातीतच वाढला. तरुण वयात ड्यूकने त्याला पॅरिसमधल्या आपल्या वाड्याच्या बागेत कामाला नेलं, आणि लिहायला-वाचायला तो शिकला तो तिथे, दिवसभराचं काम उरकल्यावर. नाइट स्कूल करणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पुढे त्याला पॅरिसच्या त्युइलरी राजवाड्याच्या बागेत संत्र्याच्या झाडांचं काम मिळालं. पॅरिसची थंडी संत्र्याला सोसत नाही. म्हणून ही झाडं मोठमोठ्या टबांत लावायची, उन्हाळ्यात बाहेर मांडायची आणि थंडी आली की काचेच्या खिडक्यांच्या लांबलचक दालनात ओढत न्यायची. दरवर्षी हेच. लाकडी टब ओलाव्याने कुजायचे. मातीच्या कुंड्या उचला-ठेवीत तडकायच्या, नाहीतर वाढत्या मुळांनी फुटायच्या. मोनिएने मग सिमेंटच्या कुंड्या करून बघितल्या. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४चं, म्हणजे ते जवळपास त्याच्याच वयाचं. पण नुसत्या सिमेंटची कुंडीसुद्धा तडकायची.

का तडकायची, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. खडूचा तुकडा घ्या. दोन्ही टोकांनी सरळ दाबा, तो सहजासहजी मोडत नाही. आता दोन बोटांत धरून वाकवा. लगेच कट्ट. वाकवताना एका बाजूला दाब येतो आणि दुसऱ्या बाजूला ताण, आणि खडूला ताण सोसत नाही. काँक्रीट ही मोठ्या अंगाची खडूचीच जात आहे. दाबाखाली ते जितकं सोसतं, त्याच्या साधारण एक दशांशच ताणात सोसतं.

मोनिएने लोखंडी तारांची जाळी विणून कुंडीचा सांगाडा केला आणि त्यावर सिमेंट थापलं. आपल्याकडे ठाणे-कोकणात कुडाच्या भिंती होत्या, त्या आठवा. कारवीच्या काठ्यांचा ताटवा उभा करायचा आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. माती दाब घेते, काठी ताण घेते. तत्त्व तेच. मोनिएने कारवीच्या जागी लोखंड घेतलं आणि शेणमातीच्या जागी सिमेंट. त्याची कुंडी तडकेना. १८६७ साली पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच वर्षी १६ जुलैला त्याने लोखंड आणि सिमेंटच्या बागकामाच्या टबांचं पेटंट घेतलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लोखंड आणि सिमेंट एकत्र आणणारा मोनिए हा पहिला माणूस नाही. त्याच्याच देशातल्या लाँबो नावाच्या गृहस्थाने तारांच्या जाळीवर सिमेंट थापून चक्क होडी केली होती आणि १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात ती ठेवलीही होती. इंग्लंडमध्ये विल्किन्सनने १८५४ मध्ये लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या तक्तपोशीचं पेटंट घेतलं होतं. मग नाव मोनिएचंच का झालं? मला वाटतं, तो थांबला नाही म्हणून. लाँबोची होडी होडीच राहिली. मोनिए कुंडीवरून १८६८ मध्ये पाइप आणि हौदांवर गेला, १८६९ मध्ये भिंतीच्या फळ्यांवर, १८७३ मध्ये पुलांवर, मग रेल्वेचे स्लीपर आणि तुळया. दर वेळी एक नवीन पेटंट. मधे १८७०-७१चं युद्ध आणि पॅरिसचा वेढा येऊन गेला, धंदा बसला, तरी त्याने परत उभा केला. ज्या राजवाड्याच्या बागेत तो काम करायचा, तो राजवाडाही १८७१च्या धामधुमीत जळून गेला.

१८७५ मध्ये मध्य फ्रान्समधल्या शाझले इथल्या एका गढीच्या खंदकावर त्याने छोटा पूल बांधला. लांबी पंधरा मीटरच्या आसपास, रुंदी साधारण चार मीटर. आपल्या उड्डाणपुलाच्या एका गाळ्यातही तो मावेल. लोखंड घातलेल्या काँक्रीटचा हा जगातला पहिला पूल मानतात आणि तो आजही जागेवर उभा आहे. बांधणाऱ्याकडे ना डिग्री, ना कोड, ना सॉफ्टवेअर.

आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडे हिशेबही नव्हता. लोखंड नेमकं कुठे घालायचं हे मोनिएला माहीत नव्हतं. तो वस्तूच्या आकाराप्रमाणे जाळी करायचा आणि ती साधारण मधोमध ठेवायचा, मूर्तीचा सांगाडा ठेवतात तशी. वाकणाऱ्या स्लॅबमध्ये ताण खालच्या बाजूला येतो, तेव्हा लोखंड खाली हवं. मधे ठेवलेलं लोखंड बरंचसं फुकट जातं. हे कागदावर मांडलं जर्मनांनी. १८८०च्या दशकात मोनिएच्या पेटंटचे हक्क जर्मनीत विकले गेले. गुस्ताव वाइस नावाच्या कंत्राटदाराने त्यात पैसा घातला, आणि माथियास कोनेन नावाच्या इंजिनीअरने प्रयोग करून, गणित मांडून, लोखंड ताणाच्या बाजूला ठेवायचं हे पक्कं केलं. १८८७ मध्ये त्यांनी मोनिए पद्धतीवर पुस्तिकाच छापली. त्यानंतर जर्मनीत अशा बांधकामाला मोनिएचंच नाव पडलं.

पद्धत पसरली ती कुठल्या कुठे. ऑस्ट्रेलियात जॉन मोनॅश नावाच्या तरुण इंजिनीअरने मोनिए पद्धतीचे कमानी पूल बांधले. हाच मोनॅश पुढे पहिल्या महायुद्धात सेनापती म्हणून गाजला. त्याच देशात लोखंडी जाळीचे काँक्रीट पाइप चालले, आणि १९१० मध्ये वॉल्टर ह्यूमने साचा गरगर फिरवून पाइप ओतायची युक्ती काढली. ती युक्ती आपल्याकडे आणली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, १९२६ मध्ये, इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढून. आज गावच्या ओढ्यावर मोरी टाकायची म्हटली की सरपंचापासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळे ह्यूम पाइप म्हणतात. त्याच्या पोटात जी गोल जाळी असते, तिच्या वंशावळीत मागे कुठेतरी संत्र्याची कुंडी आहे.

मोनिएच्या हाती यातलं काय लागलं? जवळपास काहीच नाही. हक्क त्याने स्वस्तात विकले होते. १८८८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. एक मुलगा इमारतीवरून पडून गेला. म्हाताऱ्या मोनिएने पुन्हा छोटी कंपनी काढली, पण तोवर फ्रान्समध्ये हेन्नेबीकसारखे लोक पुढे गेले होते. त्यांच्याकडे ड्रॉइंग ऑफिसं होती, देशोदेशी एजंट होते. पेटंटची मुदतही संपत गेली. शेवटी शेवटी तर परदेशातल्या पेटंटांवर तो मोठी कमाई करत असणार, असं धरून करवाले त्याच्या मागे लागले. शेवटच्या वर्षांत त्याला मदत मिळावी म्हणून शब्द टाकला तो परदेशातल्या बांधकामवाल्यांनी. १३ मार्च १९०६ला पॅरिसमध्ये तो गेला. त्याच्या नावाच्या पद्धतीने तोवर युरोपभर पूल उभे राहिले होते.

मोनिएचा एक हिशेब मात्र पुढच्या पिढ्यांना चुकवावा लागला, आणि तो अजून फिटलेला नाही. गंजाचा.

लोखंड आणि काँक्रीट यांची जोडी जमते त्यात नशिबाचाही भाग आहे. दोन्ही उन्हात जवळपास सारखेच प्रसरण पावतात, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात एकमेकांना सोडून सुटले असते. दुसरं म्हणजे ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा-तेराच्या घरात. त्या वातावरणात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि गंज लागत नाही. मोनिएला हे रसायन ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याला ते फुकटात मिळालं.

पण हा फुकटचा विमा कायमचा नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू मुरतो आणि पीएच नऊपर्यंत उतरवतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड तर त्याहून आधी काम करतात. आणि तडा गेला असेल तर पाणी, हवा, मीठ सगळ्यांना सरळ वाट मिळते. एकदा का सळई गंजायला लागली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो. आतून फुगतो, कव्हरचे पोपडे सुटतात, सळई उघडी पडते आणि मग गंजाला रानच मोकळं. जुन्या स्लॅबखाली तपकिरी ओघळ आणि लोंबणारा खपला दिसतो, तो हाच प्रकार. ज्या लोखंडाने काँक्रीटला ताण सोसायची ताकद दिली, तेच त्याला आतून फोडतं.

याची किंमत काय असते ते आपण बघितलंय. ५ जुलै १९८६ला पणजीतला मांडवीवरचा पूल कोसळला. काँक्रीटच्या आतल्या ताण दिलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. पूल विशीतही पोचला नव्हता, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचा. १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी सीएसएमटीजवळच्या हिमालय पादचारी पुलाचा स्लॅब खालच्या रस्त्यावर आला. घरी निघालेली माणसं त्यात गेली. खांब उभे, गर्डर उभे, पडला तो चालायचा स्लॅब.

मग करायचं काय? एक उत्तर अगदी आपल्या घरातलं आहे. कुडाची भिंत लिंपायच्या मातीत आजी भाताचं काड किंवा तूस घालून तुडवायची. नाहीतर वाळताना माती भेगाळते. कारवी भिंत उभी धरते, काड भेगा धरतं. मोनिएने कारवीची आयडिया घेतली आणि काडाची सोडून दिली, असं म्हटलं तरी चालेल. काँक्रीटमध्ये हे काड परत आलं ते १९६०च्या दशकात. अमेरिकेत जेम्स रोमुआल्डी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोलादी तारेचे बारीक तुकडे काँक्रीटमध्ये मिसळून भेगा कशा अडतात ते दाखवलं. आज त्याला फायबर काँक्रीट म्हणतात.

हे फायबर म्हणजे काय? पोलादी असेल तर तीन ते सहा सेंटिमीटर लांबीचा तारेचा तुकडा, बहुतेक वेळा दोन्ही टोकांना आकड्यासारखा वाकवलेला. एका घनमीटर काँक्रीटमध्ये असे वीस ते चाळीस किलो तुकडे जातात. पॉलिप्रोपिलिनचं असेल तर केसासारखा बारीक धागा, बारा मिलिमीटरच्या आसपास, आणि तो घनमीटरला जेमतेम किलोभर पुरतो. भिवंडीत ज्याचं बालपण लूमच्या खटखटाटात गेलंय त्याला हे पटकन कळेल. मोनिएची जाळी म्हणजे ताणा-बाणा घालून विणलेलं कापड. फायबर म्हणजे विणण्याआधीचा कापूस, कुठल्याच दिशेला न लावलेला, सगळीकडे पसरलेला.

काँक्रीट तडकतंच, फायबर घातलं तरी. फरक पडतो तो पुढे. तडा उघडायला लागला की त्याच्या दोन काठांना धरून बसलेले शेकडो धागे आड येतात. एक मोठी भेग पडायच्या ऐवजी पुष्कळ बारीक भेगा पडतात, आणि केसाएवढ्या भेगेतून पाणी-मीठ आत जायला फार वेळ लागतो. पोलादी फायबर वरच्या कातडीत गंजतं, डाग पडतात, पण तुकडे सुटे असल्यामुळे गंज सळईसारखा लांबवर धावत जात नाही. पॉलिप्रोपिलिन तर गंजतच नाही. उगाच भाबडेपणा नको म्हणून हेही सांगतो: नेहमीच्या डेकमध्ये फायबर मुख्य सळईची जागा घेत नाही. ते सळईचा आयुष्यभराचा सोबती म्हणून येतं. मिक्सरमध्ये नीट पसरलं नाही तर त्याचे गोळे होतात, आणि मग ते नसलेलंच बरं. रस्त्यांसाठी फायबर काँक्रीट वापरायचं असेल तर इंडियन रोड्स काँग्रेसची वेगळी मार्गदर्शिका आहे, एसपी ४६ नावाची. सिव्हिलला असाल तर लायब्ररीत मागून बघा, जाडजूड नाही.

सळई पुरती काढून टाकायचं धाडस केलं कॅनडाने. तिथे थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. म्हणजे समुद्रकाठी हवेतून जे मीठ पुलावर येतं, ते तिथे माणसं ट्रकने आणून डेकवर ओततात. डेक पटापट सडायचे. १९९५ मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतात सॅमन नदीवर दोन गाळ्यांचा पूल बांधला. एका गाळ्याचा डेक नेहमीसारखा सळईचा. दुसऱ्या गाळ्याच्या दोनशे मिलिमीटर जाडीच्या डेकमध्ये सळईच नाही, फक्त पॉलिप्रोपिलिनचं फायबर. मग ताण कोण घेतं? गर्डर एकमेकांपासून पसरू नयेत म्हणून त्यांना आडव्या पोलादी पट्ट्यांनी बांधून टाकलं. गर्डर जागचे हलत नाहीत म्हटल्यावर वरचा स्लॅब चाकाचा भार छोट्या कमानीसारखा दोन्ही बाजूंना ढकलतो, म्हणजे जवळजवळ सगळा दाबच. आणि दाब तर काँक्रीटला आवडतो. पट्ट्या राहिल्या डेकच्या खाली, उघड्यावर. गंजल्या तर डोळ्यांना दिसतील, रंगवता येतील, बदलता येतील. काँक्रीटच्या पोटात लपून सडणारं काही उरलंच नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट फार शहाणपणाची वाटते.

असे आणखी काही डेक झाले. काही वर्षांनी त्यांच्यात गर्डरच्या मधोमध लांबच्या लांब भेगा दिसायला लागल्या. पूल धोक्यात नव्हते, पण भेग ती भेग, पाणी आत जाणारच. नुसत्या फायबरला ती रुंदी आवरत नव्हती. तेव्हा पुढच्या पिढीच्या डेकमध्ये खालच्या बाजूला पुन्हा एक जाळी घालायला सुरुवात झाली, भेगा बारीक ठेवण्यापुरती. आडव्या-उभ्या कांड्यांची, मोनिएच्या कुंडीत होती तशीच. फक्त कांड्या आता काचतंतूच्या असतात, आणि त्यांना गंज लागत नाही.